साडेसातचा ठिपका

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात मी नागपूरला परतले, तेव्हा माझ्याजवळ सहा आठवड्यांच्या मापनांनी भरलेली एक हार्ड डिस्क, हाताने लिहिलेली एक प्रयोगवही आणि, आज सांगताना संकोच वाटतो, एक तयार निष्कर्षही होता. मापने दुसऱ्या शहरातील प्रयोगशाळेत झाली होती, कारण असा प्रयोग उभारण्याची सोय आमच्याकडे नव्हती. विश्लेषण मात्र मला घरी, लक्ष्मीनगरच्या आमच्या वरच्या खोलीत बसून करायचे होते. महिनाभरात प्रबंधाचे चौथे प्रकरण लिहून होईल असा माझा अंदाज होता. प्रत्यक्षात मेअखेरचा नवतपा सरला तरी ते संपले नव्हते.

प्रयोग थोडक्यात असा होता. निर्वात कक्षात दोन वायूंचे झोत एकमेकांना काटकोनात छेदतात. एका झोतात आर्गॉनमध्ये मिसळलेला थोडा नायट्रिक ऑक्साइड असतो आणि दुसऱ्यात निव्वळ आर्गॉन. झडप क्षणभर उघडून वायू निर्वातात प्रसरण पावला की तो कमालीचा थंड होतो, त्यातील रेणू जवळजवळ एकाच वेगाने जातात आणि नायट्रिक ऑक्साइडचे बहुतेक रेणू सर्वांत खालच्या घूर्णन अवस्थेत, म्हणजे सर्वांत कमी फिरण्याच्या अवस्थेत, येऊन बसतात. आर्गॉनशी टक्कर झाली की रेणू दिशा बदलतो आणि टकरीची थोडी ऊर्जा घेऊन स्वतःभोवती फिरू लागतो. कोणत्या अवस्थेतले रेणू कोणत्या कोनात किती फेकले जातात, हे आम्हाला हवे होते. त्यासाठी झोत जेथे छेदतात तेथे २२६ नॅनोमीटर तरंगलांबीच्या अतिनील लेझरची स्पंदने सोडली जातात. त्यातला पहिला फोटॉन (प्रकाशकण) रेणूला उत्तेजित अवस्थेत नेतो आणि त्याच रंगाचा दुसरा फोटॉन त्याचा आयन करतो. नायट्रिक ऑक्साइडच्या आयनीकरणाला ९.२६ इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा लागते आणि असे दोन फोटॉन मिळून सुमारे ११ देतात. लेझरचा रंग किंचित बदलून हवी ती घूर्णन अवस्था निवडता येते. तयार झालेले आयन विद्युत्क्षेत्राने संवेदक पडद्यावर नेले जातात आणि रेणूचा मूळचा वेग जसा असेल तशा जागी पडद्यावर ठिपका उमटतो. आयनांची अशी चित्रे घेण्याची रीत चँडलर आणि ह्यूस्टन यांनी १९८७मध्ये मांडली आणि एपिंक व पार्कर यांनी १९९७मध्ये तिच्यात अशी सुधारणा केली की चित्र एकदम रेखीव झाले. एका घूर्णन अवस्थेसाठी पडद्यावर एक कडे दिसते. कड्यावरची जागा म्हणजे विक्षेपाचा कोन, म्हणजे रेणू टकरीत किती वळला ते, आणि तेथील उजळपणा म्हणजे त्या कोनात गेलेल्या रेणूंची संख्या, असे मी धरून चालले होते. या वाक्याचा उत्तरार्ध चुकीचा आहे, हे समजायला मला तीन महिने लागले.

माझा निष्कर्ष ज्या चित्रावर उभा होता ते साडेसात क्रमांकाच्या अवस्थेचे होते. नायट्रिक ऑक्साइडमध्ये एक इलेक्ट्रॉन जोडीविना असल्यामुळे त्याचे एकूण कोनीय संवेगाचे (फिरण्याच्या मापाचे) अंक नेहमी अर्धे पडतात: अर्धा, दीड, अडीच, असे पुढे साडेसात. (हा आकडा घरात वारंवार ऐकून आईने एकदा शांतपणे विचारले होते की सगळे सोडून साडेसातीच कशाला मागे लावून घेतलीस.) त्या चित्रात कड्याच्या एका बाजूला, सुमारे ८२ अंशांवर, एक लखलखीत ठिपका होता. बाकीचे कडे त्याच्यापुढे फिके वाटत होते. त्या ठिपक्यावरून मी असे लिहून टाकले की साडेसातच्या अवस्थेत जाणारे रेणू जवळजवळ काटकोनात फेकले जाणे पसंत करतात, आणि त्यासाठी रेणूच्या आकाराशी जोडलेले एक बरे वाटणारे स्पष्टीकरणही जुळवले.

माझ्या मार्गदर्शक मॅडमनी ते पान वाचले, चित्र संगणकावर मोठे केले आणि ठिपक्याकडे न पाहता कड्याच्या समोरच्या बाजूला बोट ठेवले. "इथेही ८२ अंशच आहेत ना?" त्यांनी विचारले. "मग इथे काही का नाही?"

प्रश्न इतका सरळ होता की मला त्याचे उत्तर देता आले नाही. दोन्ही झोतांच्या सापेक्ष वेगाची दिशा हा या टकरीचा अक्ष असतो आणि त्याच्या डावीकडे ८२ अंश आणि उजवीकडे ८२ अंश यांत निसर्गाला काही फरक नसतो. आर्गॉनच्या अणूला डावे-उजवे कळत नाही. दोन्ही बाजू सारख्या दिसत नसतील तर तो फरक टकरीतून आलेला नाही, आपल्या पाहण्यातून आलेला आहे. "तू रेणू मोजलेस की रेणूंचा ओघ मोजलास, हे आधी ठरव," असे म्हणून मॅडमनी पान परत दिले.

मी आधी सोप्या संशयांकडे वळले. कक्षात शिल्लक राहिलेला नायट्रिक ऑक्साइड खोलीच्या तापमानाला असतो, त्यात साडेसातची अवस्था भरपूर भरलेली असते आणि त्याचे आयन पडद्यावर शून्य वेगाच्या जागेभोवती जमा होतात. आमचा ठिपका नेमका त्याच जागी होता, हे पाहून मला क्षणभर सुटल्यासारखे वाटले. पण खोलीच्या तापमानाला या रेणूंचा सरासरी वेग सेकंदाला ४६० मीटरच्या आसपास असतो, म्हणून त्यांचा डाग पसरट आणि धूसर दिसतो. आमचा ठिपका टाचणीच्या डोक्याएवढा होता. शिवाय आर्गॉनचा झोत मुद्दाम उशिरा सोडून घेतलेली चित्रे आम्ही मूळ चित्रांतून वजा केली होती आणि प्रयोगवहीत त्या वजाबाकीच्या नोंदी चोख होत्या. तेव्हा हा उरलेला वायू नव्हता. पण ठिपका शून्य वेगाच्या जागी पडतो, ही गोष्ट मात्र त्या निमित्ताने पहिल्यांदा माझ्या नजरेत भरली.

त्याच आठवड्यात मी मामाकडे कळमन्याच्या बाजारात गेले होते. मामा संत्र्याचे अडते आहेत. मृग बहाराचा माल येत होता आणि यार्डात उभ्या गाड्यांची दाटी पाहून मी सहज म्हणाले की आज आवक फार दिसते. मामा हसले. "पोरी, यार्डातल्या गाड्या मोजून आवक कळते का कुठं? ज्याचा माल उठला नाही, त्याची गाडी दुपारपर्यंत उभीच रायते. ज्याचा माल झटक्यात गेला, तो कवाच घरी पोचला. आवक पायची असन तं गेटावर जाऊन बस."

मी तेथे बराच वेळ काही न बोलता उभी राहिले. लेझरचे स्पंदन सुमारे पाच नॅनोसेकंदांचे असते. तेवढ्या काळात सेकंदाला हजार मीटर जाणारा रेणूदेखील जागचा हलल्यासारखा नसतो. म्हणजे लेझर हा गेटवरचा कारकून नव्हेच. तो यार्डाचा फोटो काढणारा माणूस आहे. त्या क्षणी त्या जागेत किती रेणू आहेत एवढेच तो सांगतो, म्हणजे घनता सांगतो. टकरीतून दर सेकंदाला किती रेणू बाहेर पडतात, म्हणजे ओघ किती, हे तो सांगत नाही. सावकाश जाणारा रेणू लेझरच्या जागेत जास्त वेळ रेंगाळतो आणि म्हणून फोटोत सापडण्याची त्याची शक्यता जास्त असते.

घरी येऊन मी जे गणित पहिल्याच दिवशी करायला हवे होते ते केले. खोलीच्या तापमानावरून सुटलेला आर्गॉनचा झोत सेकंदाला सुमारे ५६० मीटर वेगाने जातो आणि त्यात मिसळलेला नायट्रिक ऑक्साइडही साधारण तेवढ्याच वेगाने वाहून नेला जातो. झोत काटकोनात असल्याने सापेक्ष वेग सुमारे ७९० मीटर येतो आणि टकरीची ऊर्जा वर्णपटशास्त्राच्या मापात सुमारे ४५० प्रति सेंटीमीटर. रेणूचे वस्तुमान ३० आणि आर्गॉनचे ४० धरले तर दोघांचे वस्तुमानकेंद्र सेकंदाला ४०० मीटर वेगाने सरकते, आणि त्या केंद्रावरून पाहिले तर टकरीआधी रेणूचा वेग सुमारे ४५० मीटर असतो. आता साडेसातच्या अवस्थेत जाण्यासाठी रेणूला घूर्णनाकरिता सुमारे १०७ प्रति सेंटीमीटर एवढी ऊर्जा खर्चावी लागते. ती वजा केली की केंद्राच्या दृष्टीने त्याचा वेग उरतो सुमारे ३९५ मीटर. केंद्र ४०० मीटरने पुढे जात आहे आणि रेणू ३९५ मीटरने मागे फेकला जात आहे. प्रयोगशाळेत उभ्या असलेल्या माणसाला तो रेणू जवळजवळ थांबलेला दिसेल. रेणू असा नेमका मागे फेकला जातो तो कोन किती, हे काढले तेव्हा उत्तर आले ८२ अंश.

समोरच्या बाजूचे ८२ अंशही तपासले. तेथे दोन्ही वेगांच्या दिशा जवळजवळ एक होतात आणि रेणू सेकंदाला ७९० मीटरच्या आसपास वेगाने निघून जातो. लेझरने पाहिलेली जागा तीन मिलिमीटरची धरली तर हा रेणू चार मायक्रोसेकंदांच्या आत ती ओलांडतो. सेकंदाला ५० मीटरने रांगणारा रेणू मात्र तेथे ६० मायक्रोसेकंद बसून राहतो. दोघेही टकरीतून सारख्याच संख्येने निघाले होते. माझा लखलखीत ठिपका म्हणजे माल न उठलेल्या गाड्या होत्या.

यानंतर जुने संदर्भ वाचताना मला जाणवले की ही अडचण लेझरबरोबर जन्मलेली नाही, फक्त तिचे रूप बदलले आहे. टेलर आणि डॅट्झ यांनी १९५५मध्ये पोटॅशियम आणि हायड्रोजन ब्रोमाइडचे झोत एकमेकांवर सोडले, तेव्हा त्यांचा संवेदक तापलेली धातूची तार होता. तारेवर आदळलेला प्रत्येक पोटॅशियमयुक्त कण आयन होऊन सुटतो, म्हणून ती तार खरोखरच गेटवर बसलेली होती आणि तिला ओघ मोजता येत होता. पुढे कोणताही रेणू पकडता यावा म्हणून इलेक्ट्रॉनांचा मारा करून आयन बनवणारे संवेदक आले. त्या मार्गाने झालेल्या कामासाठी हर्शबाख आणि ली यांना, पोलान्यींसह, १९८६चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. मात्र ते संवेदक घनताच पाहतात आणि वेगाने गुणून ओघ काढण्याची शिस्त त्या लोकांच्या अंगवळणी पडली होती. रिचर्ड झेअर आणि सहकाऱ्यांनी १९७२मध्ये लेझरने उत्तेजित केलेल्या रेणूच्या प्रकाशावरून रासायनिक क्रियेतून निघालेल्या रेणूंच्या अवस्था ओळखून दाखवल्या, आणि मग एकेका अवस्थेचा हिशेब मिळू लागला. माझ्यासारख्या नंतर आलेल्यांना ती अवस्था फुकट मिळते, आणि तिच्या आनंदात वेगाने गुणायचे राहून जाते.

वेगाने गुणायचे, म्हणून मी गुणले. एका रात्रीत काम झाले आणि सकाळी चित्र पाहिले तर लखलखीत ठिपक्याच्या जागी काळे भोक पडले होते. आधी त्या बाजूला फार रेणू होते, आता एकही नव्हता. डाव्या-उजव्या बाजू अजूनही सारख्या नव्हत्याच, फक्त पारडे उलटले होते.

चूक शोधायला पुन्हा यार्डातच जावे लागले. दोन दिवस उभी राहणारी गाडी आहे, पण गेट उघडून दोनच तास झाले असतील, तर फोटोपुरती ती दोन तासच उभी आहे. घनता म्हणजे ओघ भागिले वेग, हे समीकरण कित्येक तास अखंड चालणाऱ्या बाजाराला लागू पडते. आमची झडप क्षणभरच उघडत होती आणि टकरी सुरू होऊन लेझर सुटेपर्यंत जेमतेम शंभरेक मायक्रोसेकंद जात होते. त्यामुळे जवळजवळ थांबलेला रेणूदेखील अनंतकाळ साचू शकत नव्हता, आणि त्याला शून्याने गुणणे म्हणजे त्याच्यावर अन्याय करणे होते. शिवाय झोतातील सर्व रेणू नेमके ५६० मीटरने जात नाहीत. वेगांत थोडा पसारा असतोच, आणि तो पसारा शून्याच्या अगदी जवळ फार महत्त्वाचा ठरतो.

म्हणून सोपा गुणाकार सोडून मी संगणकावर टकरीच घडवायला सुरुवात केली. झोतांच्या छेदातली एखादी जागा, झडप उघडी असतानाचा एखादा क्षण, दोन्ही झोतांच्या पसाऱ्यातून एकेक वेग आणि विक्षेपाचा एक कोन यादृच्छिकपणे निवडायचा. टक्कर झाल्यावर रेणू लेझरच्या क्षणापर्यंत कोठे पोहोचतो ते काढायचे. तो लेझरच्या जागेत असेल तर मोजायचा, नसेल तर सोडायचा. असे दहा लाख वेळा करायचे. सर्व कोन सारखेच संभाव्य आहेत असे मानून या पद्धतीने जे कडे तयार होते, त्यातले उजेड-अंधार हे केवळ उपकरणाचे असतात. मोजलेल्या चित्राला त्याने भागले की उरते ती टकरीची स्वतःची गोष्ट. वाचायला हे तीन वाक्यांचे काम आहे, पण ते मे महिन्यात झाले, जेव्हा दुपारी वरच्या खोलीत कूलर लावूनही लॅपटॉपवर हात ठेववत नसे. शेवटी मी गणना रात्री अकरानंतर लावू लागले आणि उत्तर सकाळी चहाबरोबर पाहू लागले.

पहिल्या चार-पाच रात्रींनंतर भोक भरले. तरीही मंद बाजूला थोडा उजेड शिल्लक राहत होता. झडपेचे स्पंदन मी गणनेत चौकटीसारखे, एकदम सुरू आणि एकदम बंद, असे धरले होते. प्रयोगवहीत ऑसिलोस्कोपच्या (विद्युत संकेताचा आलेख दाखवणाऱ्या उपकरणाच्या) पडद्याचा छापील कागद चिकटवलेला सापडला. त्यात स्पंदनाला सुरुवातीला चढ आणि मागे लांब शेपटी होती. त्या शेपटीतल्या वायूनेही टकरी घडवल्याच होत्या. तो आकार जसाच्या तसा गणनेत घातल्यावर डावे आणि उजवे ८२ अंश प्रथमच एकमेकांना जुळले.

आता हे झाले म्हणून बाकी सगळे निर्दोष होते असे नाही. लेझरची ऊर्जा बदलत संकेत मोजल्याच्या नोंदी मी दोन्ही अक्षांवर लॉगरिदम घेतलेल्या आलेखावर मांडल्या. दोन फोटॉनांच्या प्रक्रियेत चढ दोनच्या जवळ असायला हवा होता, आम्ही वापरलेल्या ऊर्जेला तो जेमतेम १.२ होता. पहिल्या पायरीचे संक्रमण संपृक्त झाले होते, म्हणजे लेझर वाढवूनही आणखी रेणू उत्तेजित होत नव्हते. अशा वेळी वर्णपटातल्या तीव्र रेषा आणि दुबळ्या रेषा जवळजवळ सारख्याच उंच दिसतात आणि रेषांच्या उंचीवरून कोणत्या अवस्थेत किती रेणू आहेत हे ठरवणे फसवे होते. एकाच अवस्थेच्या कड्याचा आकार यातून बराचसा वाचतो, पण अवस्थांची आपसातली तुलना वाचत नाही, म्हणून तो तक्ता मी कमी ऊर्जेला घेतलेल्या थोड्या मापनांवरून नव्याने केला. तो आखूड झाला आहे, आणि मला तो आधीच्यापेक्षा आवडतो.

डॉप्लरचे, म्हणजे रेणूच्या वेगामुळे त्याची रेषा सरकण्याचे, प्रकरण अधिक लाजिरवाणे आहे. लेझरच्या दिशेने सेकंदाला ४५० मीटरने येणाऱ्या रेणूची रेषा २२६ नॅनोमीटरला सुमारे ०.०७ प्रति सेंटीमीटर सरकते, म्हणजे येणारे आणि जाणारे धरून सुमारे ०.१३. आमच्या लेझरची स्वतःची रुंदी ०.१च्या आसपास होती. लेझर रेषेच्या मध्यावर रोवून ठेवला तर त्याच्या दिशेने धावणारे रेणू अर्धवटच दिसतात, म्हणून चित्र घेताना लेझर रेषेच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत फिरवत राहावा लागतो. वहीतल्या माझ्याच अक्षरात दोन दिवसांपुढे "लेझर स्थिर" असे लिहिलेले आढळले. ती दोन चित्रे काढून टाकली.

ध्रुवणाची, म्हणजे लेझरची प्रकाशलहर उभी कंपते की आडवी याची, भीती मात्र मला वाटली होती तितकी खरी ठरली नाही. टकरीनंतर रेणूंचा कोनीय संवेग सगळ्या दिशांना सारखा विखुरलेला नसतो. म्हणून लेझरचे ध्रुवण उभे की आडवे यावर संकेत अवलंबून असतो, आणि त्यातूनही डाव्या-उजव्या बाजूंत फरक पडू शकतो. सुदैवाने प्रत्येक अवस्थेची चित्रे आम्ही दोन्ही ध्रुवणांत घेतली होती. साडेसातच्या ठिपक्यावर त्याचा परिणाम लहान होता. उरलेल्या कड्यावर मात्र तो दिसत होता आणि त्याचा हिशेब स्वतंत्रपणे करावा लागला.

सुधारलेल्या चित्रांत ८२ अंशांची पसंती कोठेच नाही. तेथे आहे ती वेगळीच, आणि ओळखीची गोष्ट: कमी घूर्णनाच्या अवस्थांत रेणू पुढच्या दिशेला जास्त जातात, आणि अवस्था जसजशी वर जाते तसतसा उजेडाचा पट्टा मागच्या दिशेकडे सरकत जातो. याला घूर्णनाचे इंद्रधनुष्य म्हणतात आणि आर्गॉनबरोबरच्या नायट्रिक ऑक्साइडसाठी ते आधीपासून माहीत आहे. माझे जुळवलेले स्पष्टीकरण मी कागदासकट फाडले.

एक गोष्ट मात्र मला नंतरच कळली आणि ती वाचून मी खुर्चीत मागे टेकले. २००३मध्ये एलिऑफ, व्हॅलेंटिनी आणि चँडलर यांनी 'सायन्स'मध्ये हाच मेळ प्रसिद्ध केला होता: नायट्रिक ऑक्साइड, आर्गॉन आणि तीच साडेसातची अवस्था. टकरीनंतर रेणू प्रयोगशाळेच्या दृष्टीने जवळजवळ थांबतात, याचा उपयोग करून त्यांनी रेणू एका केल्विनच्याही खालच्या, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या एका अंशाच्या आतल्या, तापमानाला आणले होते. मी जी विकृती धुऊन काढण्यात उन्हाळा घालवला ती त्यांच्या कामाचे भांडवल होते. मी हे मॅडमना सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "त्यांना ठिपका हवा होता. तुला कोन हवा होता. दोघांचं चित्र एकच."

जुलैमध्ये प्रकरण त्यांच्याकडे गेले. साडेसातच्या अवस्थेची दोन्ही चित्रे आता एकाच पानावर आहेत, वर ठिपक्यासह मोजलेले आणि खाली उपकरणाचा भाग भागून काढलेले. वरच्या चित्राखाली मी "विक्षेपित रेणूंचे प्रमाण" असे लिहिले होते. मॅडमनी परत पाठवलेल्या प्रतीत पूर्ण पानावर एकच खूण होती: "प्रमाण" हा शब्द लाल शाईने खोडून त्याच्या वर "घनता" लिहिलेले होते.